दुसऱ्या कारखान्याच्या केमिस्टला सगळं सांगायचं का?

मिलहाऊस_सांगली:
पलूस-वाळवा पट्ट्यातल्या चार-पाच साखर कारखान्यांचे आम्ही लॅबवाले अधूनमधून विश्रामबागला चहाला बसतो. आता वरून फर्मान आलंय, जायचं नाही, गुपितं फुटतात. कसली गुपितं? मागच्या खेपेला विषय होता मिलखालच्या रसाच्या गटारीतली बुळबुळ! तिथं ल्युकोनोस्टॉक हा जिवाणू वाढला की साखर खातो आणि तिचं डेक्स्ट्रान नावाचं चिकट द्रव्य करून ठेवतो. रस चिकट, पॅनमध्ये साखर शिजायला वेळ. वर साखर मोजायचा पोलरीमीटर डेक्स्ट्रानलाही साखरच समजतो, त्यामुळे रसात पोल, म्हणजे मोजलेली साखर, फुगतो आणि शेवटी पोत्यांशी हिशेब जुळत नाही. दर पाळीला वाफ आणि गरम पाणी नेमकं कुठं मारायचं, हे सांगितल्यानं कुणाचं काय गेलं?

सही_केलीय:
मिल धुण्याबद्दल कोण बोलतंय? दुसऱ्या कपाला बी-हेवी मळी इथेनॉलला किती वळवली, डिस्टिलरीत यीस्ट कुठलं, हे निघतंच. मग तोडणी टोळ्यांची उचल, म्हणजे आगाऊ दिलेले पैसे. एकाच गावात चार कारखाने ऊस मागतात. उचलीचा आकडा फुटला की टोळी रातोरात दुसऱ्याच्या फडात. गोपनीयतेच्या कागदावर सही केलीय ती शोभेला नाही. तांत्रिक बोलायला डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशन १९३६ पासून आहे की. परवानगी घ्या, पेपर वाचा.

मिलहाऊस_सांगली:
उचल हा शेती विभागाचा विषय, आम्हाला त्यातलं कोण सांगतंय! आणि जानेवारीत पहाटे तीनला रस निवळायचा क्लॅरिफायर गढूळ चालला तर असोसिएशनच्या अधिवेशनाची वाट बघू? रसात फॉस्फेट ३०० पीपीएमच्या बरंच खाली गेलं की गाळ नीट बसत नाही. शेजारचा फोनवर एवढंच म्हणतो, ‘फॉस्फोरिक ॲसिड वाढवून बघ.’ काम झालं.

फडातला_माणूस:
तुमच्या गुपितापायी माझं बिल का कापताय? २०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३५५० रुपये, त्यावर दर ०.१ टक्क्याला ३४ रुपये ६० पैसे. गटारीत गेलेली साखर माझ्याच खिशातनं जाते. सांगा की एकमेकाला बिनधास्त! फक्त चहा पिता पिता सगळ्यांनी मिळून उतारा खाली दाखवायचं ठरवू नका.

सही_केलीय:
हे मात्र लाखातलं बोललात. मग पुढच्या वेळी तुम्हीच बसा त्यांच्यात.

मिलहाऊस_सांगली:
या की. पण मग जरा जपून बोलावं लागेल.

सही_केलीय:
म्हणजे गुपित आहे तर!