बॅरियाट्रिक सर्जरीनंतर भूक नेमकी कशामुळे कमी होते?

आहारवही (प्रश्न)

वजन उतरवण्याच्या या ऑपरेशनला येणाऱ्यांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहिते आहे. जुन्या पत्रकांत एकच वाक्य आहे: 'जठर लहान होतं, म्हणून माणूस कमी खातो.' पण गॅस्ट्रिक बँड (जठराभोवती आवळलेला पट्टा) लावला तरी जागा कमी होतेच, आणि तरीही बायपासनंतर (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात) भूक जशी उतरते तशी बँडनंतर उतरत नाही. स्लीव्हमध्ये (जठर कापून त्याची नळी करतात) तर आतड्याला हातही लावत नाहीत, मग तिथे हार्मोन का बदलतात? मेंदूच्या स्कॅनवर काय दिसलं आहे? आणि दीड-दोन वर्षांनी भूक परतली तर रुग्णाला काय सांगायचं? बारकावे हवे आहेत, पत्रकात सोपं करून मी लिहीन.

लहान_आतडं

सुरुवात नुसत्या डाएटपासून करा, म्हणजे ऑपरेशनचं वेगळेपण वाचणाऱ्याला कळेल. कमी खाऊन वजन उतरवलं की शरीर ते उपासमार समजतं. घ्रेलिन हे भूक चेतवणारं हार्मोन १९९९ मध्ये जपानमध्ये सापडलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या घुमटात, म्हणजे फंडसमध्ये तयार होतं. सिएटलच्या २००२ च्या अभ्यासात डाएटने सुमारे १७ टक्के वजन उतरवलेल्यांचं दिवसभराचं घ्रेलिन २४ टक्के वाढलेलं होतं. मेलबर्नच्या २०११ च्या अभ्यासात दहा आठवड्यांच्या कडक डाएटनंतर वर्ष उलटलं तरी भुकेची हार्मोनं मूळ पातळीवर आली नव्हती. डाएट सुटतं तेव्हा रुग्णाला 'मनावर ताबा नाही' असं ऐकवलं जातं. ते चूक आहे, आणि पत्रकात तसं स्पष्ट लिहा.

आता बायपास. जठराची साधारण ३० मिलिलिटरची पिशवी उरते आणि अन्न थेट लहान आतड्यात उतरतं. खालच्या आतड्यातल्या, हार्मोन सोडणाऱ्या एल-पेशींपर्यंत न पचलेलं अन्न लवकर पोचतं आणि जेवणानंतर जीएलपी-१ व पीवायवाय ही पोट भरल्याची खूण देणारी हार्मोनं कित्येक पटींनी उसळतात. बँडमध्ये ही उसळी येत नाही. याचा चांगला पुरावा २००७ चा आहे: ऑक्ट्रिओटाइड हे औषध टोचून ही हार्मोनं दाबली तेव्हा बायपास झालेल्यांचं खाणं वाढलं, बँडवाल्यांचं वाढलं नाही. पिशवी तेवढीच होती, तरी माणूस जास्त जेवला.

स्लीव्हबद्दल: जठराचा ७०-८० टक्के भाग काढतात आणि त्यात फंडस जातो, म्हणून घ्रेलिन खाली येतं. उरलेली नळी अन्न धरून ठेवत नाही, ते भराभर पुढे जातं. आतडं जागच्या जागी असूनही एल-पेशी लवकर जाग्या होतात त्या यामुळे.

घुमट

वरच्यात एक दुरुस्ती. घ्रेलिनची घट स्लीव्हनंतर बऱ्यापैकी एकसारखी दिसते. बायपासनंतर मात्र वेगवेगळ्या अभ्यासांत ते कमी, तेवढंच आणि जास्तही सापडलं आहे, कारण तिथे फंडस पोटातच राहतो. शिवाय घ्रेलिन नसलेल्या उंदरांवर स्लीव्ह केली तरी वजन उतरतं, आणि जीएलपी-१ चा रिसेप्टर (ते हार्मोन ओळखणारा पेशीतला भाग) नसलेल्या उंदरांचंही उतरतं. पित्ताम्लं ओळखणारा एफएक्सआर हा रिसेप्टर काढला, तर स्लीव्हचा परिणाम बराच ओसरतो (२०१४). म्हणून पत्रकात 'भुकेचं हार्मोन काढून टाकतात' असं एका ओळीत लिहू नका. रुग्ण ते शब्दशः घेतो आणि भूक परतली की ऑपरेशन फसलं असं समजतो.

चवमेंदू

स्कॅनचं सांगतो. लंडनमध्ये बायपास आणि बँड झालेल्यांना उपाशीपोटी एफएमआरआयमध्ये (मेंदूचा कोणता भाग काम करतो ते दाखवणारा स्कॅन) ठेवून पदार्थांची चित्रं दाखवली, २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तेलकट-गोड पदार्थ पाहताना बायपासवाल्यांच्या मेंदूतले 'हवंसं वाटण्या'चे भाग बँडवाल्यांपेक्षा कमी उजळले: ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स, अमिग्डाला, न्यूक्लियस अकम्बन्स. हे पदार्थ त्यांना आवडतही कमी होते. महत्त्वाचं म्हणजे, भूक किती लागली आहे हे विचारल्यावर दोन्ही गटांच्या उत्तरांत फरक नव्हता. म्हणजे पोटाची भूक आणि जिभेची ओढ या दोन वेगळ्या तारा आहेत, आणि बायपास दुसरीलाही हात घालतो. मात्र कोणाला कोणतं ऑपरेशन करायचं हे तिथे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, तेव्हा निष्कर्ष जपून मांडा.

ओढ कमी होण्यामागे डम्पिंगचाही (अन्न एकदम आतड्यात उतरल्याने होणारा त्रास) हात असू शकतो. उसाचा रस, आमरस, श्रीखंड यांतली साखर एकदम आतड्यात उतरली की पाणी आतड्यात खेचलं जातं, आणि १० ते ३० मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब. एक ते तीन तासांनी होणारा प्रकार वेगळा: इन्सुलिन जास्त सुटून साखर घसरते, हात थरथरतात. त्यावर लगेच पेढा खाल्ला की पुन्हा तेच चक्र. साखर खरोखर खाली असेल तर मोजून १५ ग्रॅम ग्लुकोज, आणि बरं वाटल्यावर प्रथिनांचं काहीतरी.

वाटीभर

भूक परतण्याबद्दल. पहिले सहा महिने भूक इतकी मंद असते की जेवण राहूनच जातं, म्हणून तेव्हा घड्याळ लावून खायचं: दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं, ताटात पहिला घास त्यांचाच. शाकाहारी माणसाला वरणावर हे जमत नाही. वाटीभर पातळ वरणात पाच-सहा ग्रॅमच मिळतात. पनीर, सोया, घट्ट दही, गरज पडली तर व्हे पावडर. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने, घोट-घोट.

पुढे भूक थोडी परतते, ते अपेक्षितच आहे. वजन वाढू लागलं तर आधी पिशवीला दोष देऊ नका, खाल्लेल्याचा पोत विचारा. चहात बुडवलेली बिस्किटं, शेव, आइस्क्रीम मऊ होऊन सरकून जातात आणि पोट भरल्याची खूण उमटत नाही. तेवढ्याच उष्मांकांचं चिकन किंवा उसळ अर्ध्यात थांबवते. दिवसभराचं चरणंही विचारा, ते 'जेवण' म्हणून कोणी सांगत नाही.

आहारवही

पोत हा मुद्दा माझ्याकडून सुटलाच होता. आणखी एक: मळमळ-उलट्या होत असतील तर किती दिवस 'होतं असं' म्हणायचं?

लहान_आतडं

म्हणूच नका. घाईने किंवा न चावता खाल्ल्याने एखादी उलटी समजू शकते. रोज होत असेल, पाणीही टिकत नसेल, तर त्याच दिवशी सर्जनकडे. सततच्या उलट्यांत थायमिन, म्हणजे बी-१, काही आठवड्यांतच संपतं आणि डोळ्यांची हालचाल बिघडणं, चालताना तोल जाणं, गोंधळणं सुरू होतं. अशा रुग्णाला शिरेतून आधी थायमिन, मग डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन). क्रम उलटला तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गावातल्या दवाखान्यात सलाईन लावताना 'माझं बॅरियाट्रिक झालं आहे' हे नातेवाइकांनी सांगायचं, ही ओळ पत्रकाच्या पहिल्याच पानावर ठळक छापा.