आघाडी, युती की संमिश्र सरकार? काया कल्लास यांच्या निमित्ताने एक शब्दचर्चा

मूळ प्रश्न

एस्टोनियाच्या माजी पंतप्रधान काया कल्लास यांच्यावर मराठीत टिपण लिहिते आहे. त्यांच्या रिफॉर्म पक्षाबद्दलच्या एका वाक्यावर अडले आहे: "२०१९च्या निवडणुकीत रिफॉर्म पक्षाने आघाडी घेतली, पण आघाडी मात्र दुसऱ्यांची झाली." घरी वाचून दाखवलं तर ऐकणाऱ्याला काहीच उमगलं नाही. एकाच वाक्यात 'आघाडी' दोन अर्थांनी आली आहे. त्यातली दुसरी काढून 'युती' लिहू का? की 'संमिश्र सरकार'? शिवाय 'पंतप्रधान' हा शब्द बाईंसाठी जसाच्या तसा ठेवायचा, की आधी 'महिला' लावायचं?

प्रतिसाद

ताई, 'युती' नको. शब्दकोशात युती म्हणजे जोड, संयोग. ग्रहांचीही युती होते. पण महाराष्ट्राच्या राजकारणात ह्या शब्दाला निवडणुकीआधीच्या जागावाटपाचा वास चिकटला आहे. युती म्हटलं की एका मतदारसंघात दोघांपैकी एकाचाच उमेदवार, हेच डोळ्यांसमोर येतं. एस्टोनियात प्रमाणशीर प्रतिनिधित्व आहे. पक्ष आपापल्या याद्या घेऊन वेगवेगळे लढतात, रीगिकोगू म्हणजे तिथल्या संसदेच्या १०१ जागा मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात आणि मग वाटाघाटी सुरू होतात. कोण कोणाबरोबर बसणार हे तेव्हा ठरतं, आणि त्याचा लेखी करार होतो.

तेव्हा दुसरी 'आघाडी'च ठेवा, पहिली बदला. 'संमिश्र सरकार' चुकीचं नाही, वर्तमानपत्री आहे इतकंच. 'कडबोळं' मात्र टाळा. त्यात हेटाळणी आहे, आणि जिथे संमिश्र सरकार हाच नेम आहे तिथे ती अन्यायाची होईल.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. एस्टोनियन भाषेत कोआलित्सिओन आहेच, पण तिथली माणसं 'वालित्सुसलीट' असंही म्हणतात. वालित्सुस म्हणजे सरकार, लीट म्हणजे संघ किंवा जोड. हाच 'लीट' युरोपीय संघाच्या नावात आहे आणि सोव्हिएत संघाच्याही. एका लीटमधून सुटून १९९१ मध्ये स्वतंत्र झालेला आणि २००४ मध्ये दुसऱ्या लीटमध्ये गेलेला हा देश. कल्लास यांच्या आई सहा महिन्यांच्या होत्या तेव्हा, १९४९ मध्ये, त्यांना आई आणि आजीसह सैबेरियाला धाडण्यात आलं होतं. त्या घरात 'लीट' हा शब्द किती वेगवेगळ्या सुरांत उच्चारला गेला असेल, असा विचार मनात येतो.

प्रतिसाद

मी पंतप्रधान ह्या शब्दाबद्दल लिहितो, कारण तो मला फार जवळचा आहे. हिंदीत प्रधानमंत्री, आपल्याकडे पंतप्रधान. पेशव्यांचा हा किताब. 'पंत' आला पंडितवरून, आणि मोरोपंत, माधवराव पंत अशा पुरुषांच्या नावांना तो लागायचा. म्हणजे मुळात शब्द पूर्ण पुरुषी. तरी १९६६ मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या तेव्हा मराठीनं नवा शब्द शोधला नाही. क्रियापदानंच काम केलं: पंतप्रधान म्हणाल्या, पंतप्रधान गेल्या. स्त्रीत्वही आलं, मानही राहिला. तेव्हा 'महिला' एकदाच लिहा, जिथे बातमीच ती आहे तिथे: २६ जानेवारी २०२१ रोजी कल्लास देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. त्या वेळी राष्ट्राध्यक्षपदी केर्स्ती कल्युलाइद होत्या, म्हणजे दोन्ही पदांवर स्त्रिया. पुढे प्रत्येक वाक्यात 'महिला' नको.

एस्टोनियन भाषेला हा प्रश्न पडतच नाही. तिच्यात व्याकरणातलं लिंगच नाही. तो, ती, दोघांनाही 'ता'. पदाचं नाव 'पेआमिनिस्तर', पेआ म्हणजे डोकं. १९२०च्या राज्यघटनेत मात्र सरकारप्रमुखाला 'रीगिवानेम' म्हणत. वानेम म्हणजे वयानं मोठा, आणि पालकसुद्धा. आपला 'वडील' असाच आहे ना, थोरला आणि बाप दोन्ही! काया कल्लास यांचे वडील सीम कल्लास हेही २००२-०३ मध्ये पंतप्रधान होते आणि रिफॉर्म पक्ष त्यांनीच स्थापला, म्हणून हे आठवलं.

प्रतिसाद

नावाविषयी थोडं. काही ठिकाणी 'काजा' छापतात. रोमन लिपीतल्या j ह्या अक्षराचा उच्चार तिथे 'य' आहे, तेव्हा 'काया'च बरोबर. अर्थ आपल्या कायेचा नव्हे. एस्टोनियनमध्ये काया म्हणजे प्रतिध्वनी आणि कल्लास म्हणजे किनारा.

मूळ प्रश्नकर्ती

किती सुंदर! आभार सगळ्यांचे. आणखी दोन अडचणी आहेत. एप्रिल २०१९ मध्ये कल्लास संसदेत हरल्या, त्याला मी 'विश्वासदर्शक ठराव फेटाळला' असं लिहिलं आहे. आणि जून २०२२ साठी 'पाठिंबा काढून घेतल्याने सरकार कोसळले'. बरोबर आहे का?

प्रतिसाद

दोन्ही बदला ताई, आणि हे महत्त्वाचं आहे.

आपल्याकडे आधी शपथ, मग बहुमताची परीक्षा. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१९ मध्ये २३ तारखेच्या पहाटे शपथविधी झाला आणि २६ला, परीक्षेआधीच, राजीनामा आला. हे सगळ्यांना आठवत असेल. एस्टोनियात क्रम उलटा. राष्ट्राध्यक्ष उमेदवार सुचवतात, तो उमेदवार कशाच्या आधारावर सरकार बनवणार ते संसदेला सांगतो, आणि संसद त्याला सरकार बनवण्याचा अधिकार द्यायचा की नाही ते मतदानानं ठरवते. शपथ त्यानंतर. विश्वास दाखवायला सरकार मुळात अस्तित्वातच नसतं! १५ एप्रिल २०१९ला कल्लास यांच्या बाजूने ४५ आणि विरोधात ५३ मतं पडली. म्हणून लिहा: 'सरकार बनवण्याचा अधिकार संसदेने नाकारला'. त्यांच्या पक्षाचे ३४ सदस्य, सगळ्यांत जास्त. पण युरी रातास यांचा सेंटर पक्ष (२६), एक्रे (१९) आणि इसामा (१२) हे तीन पक्ष एकत्र आले, बेरीज ५७. त्याच वर्षी महाराष्ट्रातही १०५ जागांचा सर्वांत मोठा पक्ष विरोधात बसला होता, त्यामुळे मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

आता २०२२. जानेवारी २०२१ मध्ये भ्रष्टाचाराच्या एका प्रकरणामुळे रातास यांनी पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला आणि कल्लास यांनी त्यांच्याच सेंटर पक्षाला घेऊन पहिलं सरकार केलं. पुढच्या वर्षी बालवाड्यांमधल्या एस्टोनियन भाषेच्या विधेयकावर सेंटर पक्षानं एक्रेबरोबर विरोधी मत दिलं. तेव्हा पाठिंबा कोणी काढून घेतला नाही. ३ जूनला पंतप्रधानांनीच सेंटरच्या सातही मंत्र्यांना दूर केलं. म्हणजे सरकार 'कोसळलं' नाही, ते 'अल्पमतात आलं'. त्याच अवस्थेत ते १८ जुलैपर्यंत चाललं आणि मग इसामा व सोशल डेमोक्रॅट यांच्यासह दुसरं मंत्रिमंडळ आलं. आपण ह्याला कदाचित 'खातेबदल आणि विस्तार' म्हटलं असतं. तिथे भिडू बदलले की पंतप्रधान तोच असला तरी मंत्रिमंडळाला नवा क्रमांक मिळतो.

जाता जाता: तिथल्या भाषेत बालवाडीला 'लास्तेआएद' म्हणतात, मुलांची बाग. आपल्या बालवाडीतली वाडीही बागेचीच, नारळाच्या वाडीतली. ज्या विधेयकावरून आघाडी मोडली त्याच्या केंद्रस्थानी हा शब्द होता, हे मला विसरता येत नाही. लहान मूल पहिले शब्द कोणत्या भाषेत शिकणार, हा तिथे कोरडा प्रशासकीय प्रश्न नाही.

प्रतिसाद

इसामा म्हणजे पितृभूमी: इसा बाप, मा भूमी. भाषा मात्र आईची, 'एमाकेल'. टिपणात पक्षाचं नाव तसंच ठेवावं, पहिल्यांदा येईल तिथे अर्थ सांगावा.

मूळ प्रश्नकर्ती

वाक्यं पुन्हा लिहिली आहेत. पाहा बरं जमलीत का:

"२०१९ मध्ये रिफॉर्म पक्षाला सर्वाधिक जागा मिळाल्या, पण काया कल्लास यांना सरकार बनवण्याचा अधिकार संसदेने नाकारला आणि इतर तीन पक्षांचे आघाडी सरकार आले. जानेवारी २०२१ मध्ये त्या पंतप्रधान झाल्या. जून २०२२ मध्ये त्यांनी सहकारी पक्षाच्या सात मंत्र्यांना दूर केल्याने सरकार अल्पमतात आले. जुलैत दोन नव्या पक्षांसह त्यांनी दुसरे सरकार बनवले. मार्च २०२३ च्या निवडणुकीत पक्षाच्या जागा ३७ झाल्या आणि एस्ती २०० (१४) व सोशल डेमोक्रॅट (९) या पक्षांसह संसदेत ६० सदस्यांचा पाठिंबा असलेले तिसरे सरकार आले. युरोपीय संघाच्या परराष्ट्र धोरणाची जबाबदारी घेण्यासाठी जुलै २०२४ मध्ये त्यांनी पद सोडले."

प्रतिसाद

जमलीत. 'पद सोडले' विशेष आवडलं. 'पायउतार झाल्या' लिहिलं असतं तर हरल्यासारखं वाटलं असतं. फक्त 'दोन नव्या पक्षांसह' ऐवजी 'दोन वेगळ्या पक्षांसह' करा. इसामा आणि सोशल डेमोक्रॅट तिथे जुनेच आहेत, सरकारात नवे होते.