ट्रेक लीडरसाठी फर्स्ट एड: एका दिवसाचं सर्टिफिकेट पुरतं का?

गडवाट_पुणे:
नमस्कार मंडळी, पुण्यातला आमचा छोटा ग्रुप आहे, पावसाळ्यात जवळपास दर रविवारी ट्रेक असतो, राजगड, हरिहर, हरिश्चंद्रगड वगैरे. यंदा ठरवलंय की लीडर म्हणून जाणाऱ्या सगळ्यांनी फर्स्ट एड शिकायचंच. शहरात एका दिवसाचे कोर्स मिळतात, पुतळ्यावर सीपीआर म्हणजे छाती दाबायचा सराव, थोडं बँडेज, संध्याकाळी सर्टिफिकेट. दुसरीकडे दवाखान्यापासून लांब, रानावनातल्या अपघातांसाठीचे कोर्स, वाइल्डरनेस फर्स्ट एड दोन दिवसांचा आणि वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पाँडर आठ-दहा दिवसांचा. पोरं सगळी नोकरीवाली, सुट्टीची मारामार. खरंच एवढा फरक असतो का? आणि किटमध्ये औषधं काय काय ठेवता?

कातळकडा:
फरक आहे आणि खूप आहे. शहरातला कोर्स असं धरून चालतो की 108 ला फोन केला की थोड्या वेळात गाडी दारात. हरिश्चंद्रगडावर गाडी येणार पायथ्याच्या पाचनईपर्यंत आणि पेशंट वर कोकणकड्याजवळ, म्हणजे पुढचे कितीतरी तास तो माणूस तुमच्याच हातात आणि त्या तासांत काय करायचं हेच तर शिकायचं असतं.

चांगल्या कोर्समध्ये बाहेर नेऊन खोटे अपघात उभे करतात. ओढ्यात एकजण घोटा धरून ओरडतोय, साहजिकच सगळे घोट्याकडे धावतात. तिथे शिकवतात की आधी वर बघ, दगड येतोय का, पाणी वाढतंय का, मग श्वास, रक्तस्राव, आणि मग डोक्यापासून पायापर्यंत हात फिरव, जॅकेटच्या आतून, पाठीखालून, आणि दर वेळी हात बाहेर काढून ग्लोव्हजला रक्त लागलंय का बघ. पावसात काळ्या जॅकेटवर रक्त दिसतच नाही हो! नंतर दर दहा-पंधरा मिनिटांनी नाडी, श्वास, शुद्ध कशी आहे, वेळ टाकून लिहायचं. शांत पडून असलेल्या माणसाची नाडी 80 वरून 110 वर गेली तर आत काहीतरी बिघडतंय, आणि लिहिलं नसेल तर हे कळणार कसं?

माझं स्पष्ट मत, दोन दिवसांचा म्हणजे साधारण 16 तासांचा कोर्स सगळ्या लीडरना कंपलसरी करा आणि एक-दोघांना सुट्टी काढून मोठ्या कोर्सला पाठवा. मसुरीच्या हॅनिफल सेंटरला दोन्ही होतात, तिथे चौकशी करा.

डॉ_भटकंती:
औषधांचं सांगते. पॅरासिटामॉल, ओआरएस ठेवा, ज्याचा इनहेलर त्याच्या खिशात आहे ना हे निघतानाच बघा, आणि ॲलर्जी, चालू औषधं आधीच लिहून घ्या. आग्या मोहोळ उठलं आणि कुणाचा घसा सुजायला लागला, श्वास अडकायला लागला तर ॲलर्जीची सेट्रिझिन गोळी देऊन वाट बघत बसू नका, तिथे ॲड्रिनलिनच लागतं, मांडीच्या स्नायूत. परदेशात पेनसारखं तयार इंजेक्शन असतं ते आपल्याकडे सहज मिळत नाही, त्यामुळे औषधाची काचेची कुपी (ॲम्प्युल) आणि सिरिंज ठेवायची असेल तर डॉक्टरकडून रीतसर लिहून आणि शिकून घ्या.

साप चावला तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही नको. अंगठी, घड्याळ काढा, हातपाय हलू देऊ नका, उचलून न्या आणि जाताजाता ग्रामीण रुग्णालयाला फोन करून लस आहे का विचारा. ती लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरची आहे, हिरवा चापडा या सापावर ती चालत नाही, तरी दवाखाना गाठायचाच. विंचू चावल्यावर नुसतं दुखत असेल तर ठीक, पण दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं सुरू झालं की लगेच खाली. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून असे कितीतरी पेशंट वाचवलेत, पण ते दवाखान्यात बीपीवर लक्ष ठेवून द्यायचं औषध आहे, किटमधलं नाही.

आणि हो, एप्रिल-मेमध्ये कुणी असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलंय, तर घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही असं समजू नका. सावलीत घ्या, सगळ्यांच्या बाटल्या अंगावर रिकाम्या करा, वारा घाला. आधी थंड करा, मग हलवा.

गडवाट_पुणे:
ताई, दादा, खूप आभार. दोरीचं स्ट्रेचर पण शिकवतात ना? ते आलं तर आम्हीच खाली आणू शकू का?

रेस्क्यूवाला_मावळ:
शिकवतात, पण एकदा 70 किलोचा माणूस त्यात घालून ओल्या कातळावरून शंभर मीटर नेऊन बघा. एका वेळी सहा जण लागतात आणि बदलीला आणखी सहा, मग बाकीच्या पब्लिकला कोण सांभाळणार? म्हणून मदत लवकर मागा, अंधार पडायची वाट बघू नका. 112 हा इमर्जन्सी नंबर आहे, महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, लोणावळ्याच्या बाजूला शिवदुर्ग मित्र ही रेस्क्यू टीम आहे. फोनवर नेमकी जागा, काय झालं आणि किती वाजता, शुद्धीत आहे का, चालू शकतो का, एवढं सांगून फोन बॅटरी वाचवायला ठेवून द्या, दहा जणांनी दहा ठिकाणी लावू नका.

अजून एक, पायथ्याच्या वाडीतली जी पोरं तुमच्याबरोबर वाटाड्या म्हणून येतात त्यांनाही कोर्सला बसवा आणि त्यांची फी ग्रुपने भरा. वर काही झालं की सगळ्यात आधी तीच पोचतात.