मदत हवी आहे : जुन्या सीजे ३बी जीपच्या ट्रान्सफर केसची फेरजोडणी

नमस्कार. आमच्या जुन्या सीजे ३बी जीपचा मॉडेल १८ प्रकारचा ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समधून येणारी शक्ती पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणारी गिअरपेटी) मी पूर्ण उघडला असून, जोडणीपूर्वी जाणकारांचा सल्ला हवा आहे. चढावर त्याचा लो गिअर (कमी वेग, जास्त ओढ देणारा) आपोआप सुटत असे. आता मधल्या शाफ्टवर, जिथे नीडल रोलर (बेअरिंगचे सुईसारखे बारीक रोलर) फिरतात नेमक्या त्याच जागी, नखाला सहज जाणवतील अशा खाचा दिसत आहेत. गिअरचे दात मात्र शाबूत आहेत. म्हणून शाफ्ट, रोलर आणि थ्रस्ट वॉशर (गिअरचा बाजूचा दाब झेलणाऱ्या चकत्या) नवे घालून गिअर जुनेच ठेवावेत, असे माझे मत आहे. ते योग्य ठरेल का, की शिफ्टिंग फोर्क (गिअर सरकवणारे काटे) आणि त्यांच्या स्प्रिंगही बदलाव्यात?

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. मागच्या आउटपुट शाफ्टच्या टेपर बेअरिंगमधील प्ले (शाफ्टची मागेपुढे होणारी किंचित हालचाल) ०.००४ ते ०.००८ इंच असावा लागतो आणि तो मागील कॅपखालच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी-जास्त करून साधतात. डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे तबकडीचे उपकरण) हाताशी नसताना हे माप खात्रीने घेण्याची एखादी पद्धत आहे का? केवळ हाताच्या अंदाजावर बेअरिंग सोडणे मला पटत नाही. मधल्या शाफ्टच्या मागच्या टोकातून ऑइल झिरपू नये म्हणून आपण काय वापरता, तेही कृपया कळवावे.