अरब देशांतलं शिक्षण टिकवायचं तर आधी शिक्षक टिकवा

उत्तरायण:
ताहा हुसेन १९५० साली इजिप्तचे शिक्षणमंत्री झाले. शिक्षण हवापाण्यासारखं सगळ्यांना मिळालं पाहिजे, ही त्यांची भूमिका. त्यांनी माध्यमिक शिक्षण मोफत केलं, पुढे १९६२ साली राष्ट्राध्यक्ष नासरच्या राजवटीत विद्यापीठंही मोफत झाली. आणि आज? सानविया आम्मा, म्हणजे तिथली बारावी, जवळ आली की घरोघरी निम्मा जीव शिकवणीच्या फीमध्ये अडकतो. शाळेच्या तुटपुंज्या पगारात घर चालत नाही म्हणून शिक्षक संध्याकाळी खासगी क्लासमध्ये, तिथल्या भाषेत 'सेंटर'वर, शिकवतात, नाहीतर आखातात नोकरी धरतात. २०१८-१९ च्या शैक्षणिक वर्षात सरकारने विद्यार्थ्यांना टॅब्लेट वाटले, त्याच वर्षी परीक्षेत यंत्रणा कोलमडली. तो पैसा आधी पगारात जायला हवा होता. येमेनमध्ये तर २०१६ पासून कित्येक भागांत शिक्षकांना नियमित पगारच नाही. तिथे कसले टिकाऊ शिक्षण!

मुक्काम_मस्कत:
साफ असहमत. पगार वाढला म्हणून शिकवणी थांबत नाही. आपल्याकडे अनुदानित शाळांतल्या शिक्षकांना सातवा वेतन आयोग मिळाला, लातूरचे क्लास बंद पडले का? वैद्यकीयची जागा एका परीक्षेच्या गुणांवर ठरते, तोवर पालक क्लासची फी भरणारच. इजिप्तचे तत्कालीन शिक्षणमंत्री तारेक शौकी नेमकं तेच बदलू पाहत होते. पाठांतराऐवजी समज तपासणारे प्रश्न हवेत, त्यासाठी टॅब्लेट. सर्व्हर बंद पडला हे खरं, पण त्यावरून दिशाच चुकली असं कसं म्हणता?

रेवा:
तुम्ही दोघंही कैरोतच अडकलात. मोरोक्कोकडे बघा. मूल घरी दारिजा, म्हणजे तिथली बोली अरबी, किंवा अमाझीग ही तिथली मूळची भाषा बोलतं, शाळेत पुस्तकी अरबी. कित्येक वर्षं विज्ञानही अरबीतूनच शिकवलं, आणि विद्यापीठात गेल्यावर तेच विज्ञान एकदम फ्रेंचमधून! ज्याच्या आईबापांना खासगी फ्रेंच शाळा परवडली तो तरला, खेड्यातलं हुशार पोरगं पहिल्याच वर्षी गळालं. २०१९ च्या कायद्याने शाळेतही विज्ञान फ्रेंचमधून शिकवायची वाट मोकळी केली. मला तो निर्णय पटत नाही. अरबीतून विद्यापीठाची पुस्तकं घडवायची सोडून ओझं लहान मुलांवर टाकलं. याला पगारवाढ काय करणार?

उत्तरायण:
रेवाताई, भाषेचा मुद्दा मान्य. पण ती पुस्तकं वर्गात उघडणारा माणूस कोण? मस्कतकर, अप्पर इजिप्तमध्ये, म्हणजे देशाच्या दक्षिण भागात, युनिसेफच्या मदतीने १९९२ साली सामुदायिक शाळा सुरू झाल्या. गावाने जागा दिली, त्याच भागातल्या तरुण मुलींना प्रशिक्षण देऊन शिकवायला उभं केलं. लांबच्या शाळेत ज्यांना कुणी पाठवत नव्हतं त्या पोरी शिकायला लागल्या. टॅब्लेट नव्हता. शिकवणारी गावातली होती आणि ती टिकली.

मुक्काम_मस्कत:
त्या शाळांबद्दल मलाही आदर आहे. पण त्या प्राथमिक, एका खोलीतल्या. तिथली मुलगी सतराव्या-अठराव्या वर्षी त्याच सानविया आम्माला बसणार, तेही सेंटरची फी न परवडता. शिक्षक चांगला मिळूनही तिची वाट तिथेच अडते. म्हणून म्हणतो, परीक्षेला आधी हात घाला.

रेवा:
आणि त्या परीक्षेची अरबी तिच्या घरात कुणी बोलत नाही, हेही त्यात धरा.