पोपट तेलात पडला तर पीठ चोळा म्हणे!

गावभागकर: कालपासून सांगलीच्या प्रत्येक ग्रुपवर एक पोस्ट फिरायलीय. पाळलेल्या पक्ष्याच्या पिसांना तेल लागलं तर गव्हाचं पीठ चोळा, शिकेकाईच्या पाण्यानं धुवा, कडक उन्हात ठेवा, केमिकलला हात लावू नका. खाली नुसते जोडलेले हात. अहो, पीठ तेलात गेलं की त्याची कणीक होते आणि ती पिसांत बसते, वर उडालेली भुकटी नाकातनं आत. पक्ष्याच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, त्याला असली धूळ झेपत नाही.

आता लगेच कुणीतरी म्हणणार खायचंच तेल आहे, त्यानं काय होतंय. मुद्दा विषाचा नाहीच. पिसाच्या कडेला बारीक आकडे असतात, ते एकमेकांत अडकलेले असतात म्हणून आत हवा राहते आणि ऊब टिकते. तेल लागलं की आकडे सुटतात, पिसं वातीसारखी चिकटतात आणि खालची कातडी उघडी पडते. 40-41 डिग्रीचं अंग, गारठणार नाही तर काय. शिवाय तो चोचीनं स्वतःच साफ करत बसतो, म्हणजे तेल पोटात.

धुवायचं असेल तर मनगटाला उबदार लागेल असं पाणी, साधारण 39-40 डिग्री, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब. पीस वळलंय त्याच दिशेनं बोट फिरवायचं, उलटं चोळायचं नाही, डोकं पाण्याबाहेर. मग साध्या कोमट पाण्यानं खंगाळत राहायचं, धुण्यापेक्षा जास्त वेळ, कारण साबण राहिला तरी पीस तसंच भिजतंय. पाणी थेंब होऊन घरंगळायला लागलं की समजा निघालं.

तासगावची सून: पोस्ट माझीच आहे, नाव घेऊन बोललात तरी चाललं असतं. भांड्याचं लिक्विड म्हणे! त्यानं माझ्या हाताची सालं निघतात, आणि तुम्ही जिवंत पाखराला लावणार? आमच्या सासऱ्यांचा मिठू घाण्याच्या डब्यात पडला होता, सासूबाईंनी पीठ लावलं, शिकेकाईनं धुतला, नंतर कितीतरी वर्षं विठ्ठल विठ्ठल म्हणत होता.

गावभागकर: वाचला तो सासूबाईंच्या पिठामुळं की पीठ लावूनसुद्धा, ते कोण सांगणार? समुद्रात तेल सांडतं तेव्हा पक्षी धुणारी माणसं भांड्याचंच लिक्विड वापरतात. अमेरिकेत 1971 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत तेल सांडलं, त्यातनं इंटरनॅशनल बर्ड रेस्क्यू ही पक्षी वाचवणारी संस्था उभी राहिली. त्यांचं आयुष्य गेलंय यात.

कुपवाडचा पक्षीवाला: ते क्रूड ऑइल, ते ट्रेनिंगवाले लोक. इथं घरातला बजी, म्हणजे पिंजऱ्यातला तो छोटा रंगीत पोपट, मुठीएवढा जीव. माझ्याकडं लोक पक्षी आणतात ते तेलानं मेलेले कमी, धुताना दाबून मारलेले जास्त. पक्ष्याची छाती हलली तरच श्वास चालतो, छातीवर मूठ आवळली की खलास. दोन-चार पिसांनाच तेल असेल तर तेवढीच पुसा, अख्खा बुडवायचा उद्योग कशाला? आणि थरथरत असेल तर आधी उबेत ठेवा, धुणं नंतर.

गावभागकर: छातीचं आणि उबेचं मान्य. अख्खा बुडवा असं मी कुठं लिहिलंय, ते दाखवा.

निसर्गप्रेमी सातारा: थांबा जरा. मिठू म्हणजे गळ्यात कंठ असलेला आपला हिरवा पोपट ना? तो पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. इथं त्याला कसं धुवायचं यावर चर्चा चाललीय, कमाल आहे.

तासगावची सून: आले सातारकर कंदी पेढे वाटायला. सासरे जाऊन जमाना झाला, आता काय फोटोला बेड्या घालणार?

निसर्गप्रेमी सातारा: हसण्यावारी नेऊ नका. ढोलीतनं पिल्लं काढतात, त्यातली कितीतरी वाटेतच मरतात. लोकांनी घेतलं नाही तर धंदा बंद होईल. ज्यांच्याकडं आहे त्यांनी 1926 ला फोन करून वनखात्याला कळवा.

हळदवाला: कळवा आणि पुढं? आमच्या शेजारच्यांनी कळवलं, तर ह्यांनाच चौकशीला बोलावलं. आठवडाबाजारात पिंजरे मांडून बसलेला दिसत नाही, ज्यानं जखमी पिल्लू वाचवलं तो मात्र आरोपी. म्हणून कोण सांगत नाही.

निसर्गप्रेमी सातारा: जखमी पिल्लू! प्रत्येकाचा पोपट जखमीच सापडलेला असतो. बरा झाल्यावर सोडला का नाही मग?

हळदवाला: पंख कापलेला होता तो. सोडू? मांजराच्या ताटात?

कुपवाडचा पक्षीवाला: बजी आणि तुरेवाला कॉकाटील हे परदेशी पोपट, त्यांना हा कायदा नाही, एवढं तरी स्पष्ट लिहा. नाहीतर उद्या लोक माझ्या दुकानावर यायचे.

निसर्गप्रेमी सातारा: हो बाबा, तुझा गल्ला सुरक्षित आहे.

मिरज जंक्शन: कायद्याचं राहू द्या, डॉक्टरचं बोला. आमचा कॉकाटील भज्यांच्या कढईशेजारी उडाला आणि झाऱ्यावर बसला. ज्या दवाखान्यात नेला तिथं उत्तर मिळालं, गाय म्हैस असेल तर सांगा. कुणीतरी म्हणालं शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजला न्या. दीडशेच्या वर किलोमीटर, पक्षी बुटाच्या खोक्यात! शेवटी घरीच धुतला आणि बायकोनं ड्रायर काढला.

गावभागकर: ड्रायर नको!! काहींच्या आत टेफ्लॉनचा थर असतो, तो तापून वाफ निघाली की पक्षी मिनिटांत जातो. रिकामा तापलेला नॉनस्टिक तवाही तसलाच. टॉवेलनं टिपा आणि खोक्याच्या एका बाजूला बल्ब लावा, जास्त गरम झालं तर त्याला दुसऱ्या बाजूला सरकता आलं पाहिजे. कडक उन्हात तर अजिबात नको. तापलेलं तेल असेल तर मात्र हे घरचं काम नाही, भाजलेलं असतंय.

मिरज जंक्शन: बल्बचं हे तेव्हा कोण सांगणार होतं? पायाला फोड होता, दुसऱ्या दिवशी गेला.

तासगावची सून: वाईट झालं हो. पोस्टमधलं पीठ आणि ऊन काढते. शिकेकाई काढणार नाही, ज्याला लिक्विड लावायचंय त्यानं लावावं.

गावभागकर: शिकेकाईनं डोळे झोंबतात ते स्वतःच्या डोळ्यात घालून बघा एकदा.

तासगावची सून: आणि तुमचं लिक्विड काय गुलाबपाणी आहे का? आधी ते घाला, मग बोलू.