मदत हवी आहे: प्रथम वर्ष बी.एस्सी.ला यांत्रिकी शिकवताना मोबाइलवरची साधने नेमकी कशी वापरावीत?

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवते. प्रथम वर्षाचा वर्ग, साठेक मुलंमुली. प्रोजेक्टर आहे, वाय-फाय नावापुरतं. मोबाइल मात्र जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात.

अडचण अशी. न्यूटनच्या दुसऱ्या नियमाची गणितं मुलं धडाधड सोडवतात. पण 'चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटून वर जात असताना त्याच्यावर कोणती बलं आहेत? हवेचा रोध सोडून द्या,' असं विचारलं की अर्ध्याहून जास्त वर्ग म्हणतो, गुरुत्वाकर्षण खाली आणि हाताचं बल वर (खरं तर फक्त गुरुत्वाकर्षण). सर्वात उंच जागी 'दोन्ही बलं सारखी होतात म्हणून चेंडू थांबतो.' हीच मुलं त्या जागेची उंची सूत्राने बिनचूक काढतात!

फेटची (कोलोरॅडो विद्यापीठाची मोफत) सिम्युलेशन्स, म्हणजे संगणकावरचे आभासी प्रयोग, प्रोजेक्टरवर दाखवली. मजा आली सगळ्यांना, उत्तर मात्र बदललं नाही. गृहपाठाला गूगल फॉर्मवर चाचणी ठेवली तर उत्तरं लगेच व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात आणि सगळ्यांना पैकीच्या पैकी. स्वयम्, एनपीटीईएलची व्याख्यानं कृपया सुचवू नका. व्याख्यान तर मीही देतेच आहे.

नेटवर्कविना चालेल आणि या चेंडूच्या गैरसमजाला थेट हात घालेल असं काही आहे का? कोणी वर्गात प्रत्यक्ष वापरलं असेल तर कसं, तेही सांगा.

दोलक
मॅडम, फेट वाईट नाही, 'दाखवणं' वाईट आहे. 'फोर्सेस अँड मोशन: बेसिक्स'मध्ये घर्षण नसलेला भाग आहे. खोका ढकलायचा आणि बल शून्यावर आणायचं. पण माउस सोडण्याआधी प्रत्येकाकडून वहीत लिहून घ्या: खोका थांबेल, हळू होईल की त्याच वेगाने जात राहील? शेजाऱ्याशी दोन मिनिटं भांडू द्या, मग सोडा. आधी काही पणाला लागलं नसेल तर मुलं ते सिम्युलेशन क्रिकेटच्या हायलाइट्ससारखं बघतात.

नेटवर्कचं म्हणाल तर फेटची नवी सिम्युलेशन्स एचटीएमएल५ मध्ये आहेत. फाइल एकदा उतरवून घेतली की ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते. काहींचे मराठी अनुवादही आहेत.

खडूवाला
हार्वर्डच्या एरिक मॅझूर यांची पद्धत हीच. प्रश्न, मत, शेजाऱ्याशी चर्चा, पुन्हा मत. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तर चर्चेला अर्थ. त्याहून कमी असतील तर आधी थोडं शिकवा, जास्त असतील तर पुढे चला. मत घ्यायला प्लिकर्स हे ॲप बघा, ते फोनच्या कॅमेऱ्याने कार्डं वाचतं. मुलांकडे फक्त छापलेली कार्डं, तुम्ही आपला फोन वर्गावरून फिरवायचा. तेही नको असेल तर अ-ब-क-ड लिहिलेले चार पुठ्ठे पुरतात.

गूगल फॉर्ममध्ये पर्याय देऊ नका. तासाच्या आदल्या रात्री एकच प्रश्न, 'तुम्हाला असं का वाटतं ते दोन ओळींत लिहा', मराठीत चालेल. गुण बरोबर उत्तराला नाहीत, लिहिण्याला. नक्कल करण्यात मग फायदाच उरत नाही. आणि त्यातली दोन-चार वाक्यं, नाव न सांगता, फळ्यावर लिहून तास सुरू करा.

तिसरा बाक
चेंडूसाठी फायफॉक्स! जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं मोफत ॲप, फोनमधले सेन्सर वापरतं, इंटरनेट लागत नाही. 'गुरुत्वासह त्वरण' हा प्रयोग उघडा. फोन टेबलावर असताना साधारण ९.८ दिसेल. आता नोंद सुरू करून फोन गादीवर पडेल असा वर उडवा (तुमचा जुना फोन घ्या, मुलांचा नको!). हातात असताना आकडा वर चढतो आणि हात सुटल्याक्षणी जवळपास शून्यावर येतो. वर जाताना शून्य, टोकाला शून्य, खाली येतानाही शून्य. 'हाताचं बल' चेंडूबरोबर प्रवास करत असतं तर ते आलेखात दिसलं असतं.

लॅपटॉप तुमच्याच हॉटस्पॉटवर घेतलात तर ॲपच्या रिमोट सोयीने आलेख थेट प्रोजेक्टरवर येतो.

धागाकर्ती
हे भारी आहे, पण एक शंका. मुलं म्हणणार, शून्य म्हणजे बलच नाही, मग गुरुत्वाकर्षण गेलं कुठे? एक गैरसमज काढायला जाऊन दुसरा पदरात पडायचा.

तिसरा बाक
पडतोच, म्हणून तो प्रश्न तुम्हीच आधी विचारा. सेन्सरमधली इवलीशी वस्तुमानाची पट्टी आणि फोनचं अंग यांच्यावर गुरुत्वाकर्षण सारखाच परिणाम करतं, त्यामुळे पट्टी फोनच्या तुलनेत सरकत नाही. सेन्सरला गुरुत्वाकर्षण कळतच नाही. कळतो तो फक्त टेबलाचा, हाताचा, गादीचा रेटा. टेबलावरचे ९.८ हा टेबलाचा वरचा रेटा आहे. हे पचायला वेळ लागतो, एक अख्खा तास ठेवा.

दोलक
गुरुत्वाकर्षण 'आहे' हे दाखवायला जोडीला ट्रॅकर घ्या. व्हिडिओवरून गती मोजणारं मोफत सॉफ्टवेअर आहे, प्रयोगशाळेतल्या एका संगणकावर चालेल. मीटरपट्टी भिंतीला उभी लावा, चेंडू पट्टीलगतच उडवा, कॅमेरा समोर स्थिर. चेंडू ८० सेंमी वर गेला तर हवेत साधारण ०.८ सेकंद राहतो, म्हणजे सेकंदाला ३० चौकटींच्या साध्या व्हिडिओतही २४ बिंदू मिळतात. ते आकडे छापून वाटा आणि वेग-काळ आलेख मुलांना आलेख कागदावर हाताने काढू द्या. टोकाजवळ रेषा कुठेही वाकत नाही. एकच चढ, उणे ९.८. वेग शून्य होतो तिथेही त्वरण तेवढंच. 'टोकाला बलं सारखी होतात' म्हणणाऱ्याला विचारा, मग रेषा तिथे आडवी का नाही?

खडूवाला
फरक पडला का ते मोजायचं असेल तर फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी ही बलाच्या कल्पना तपासणारी चाचणी वापरा. १९९२ पासूनची आहे, ३० प्रश्न, आकडेमोड नाही. सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी, कागदावर, वर्गातच घ्या. पेपर परत गोळा करा आणि ऑनलाइन टाकू नका, नाहीतर फुटली की कामातून गेली. अमेरिकेतले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक हेक यांनी १९९८ मध्ये ६,५४२ विद्यार्थ्यांचे अशा चाचण्यांचे गुण तपासले होते. सुधारणेला जितका वाव होता त्यातला नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांनी सरासरी ०.२३ भाग गाठला, चर्चा-प्रयोगाच्या वर्गांनी ०.४८.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. पुढच्या आठवड्यात आधी फायफॉक्स, मग ट्रॅकर. एका विद्यार्थिनीच्या फोनमध्ये स्लो-मोशन आहे, सेकंदाला १२० चौकटी. ते वापरलं तर जास्त बिंदू मिळतील ना?

दोलक
मिळतील, पण ट्रॅकरमध्ये चौकटींचा खरा वेग स्वतः भरा. फाइल बऱ्याचदा ३० सांगते, मग काळ चौपट ताणला जातो आणि त्वरण सोळाव्या हिश्शावर येतं. उत्तर ०.६१ आलं तर चेंडूला दोष देऊ नका, ती सेटिंग बघा.